डॉपलर नावाचा हिशेबनीस

आपल्याकडच्या बहुतेक मध्यमवर्गीय घरांत कपाटाच्या वरच्या कप्प्यात एक फाइल असते. विम्याच्या पावत्या आणि विजेची बिले ठेवतात ती नव्हे; तिच्या शेजारची, डॉक्टरांच्या कागदांची. घरातले कोणी साठी ओलांडून गेले असेल तर त्या फाइलमध्ये कार्डिओग्रामच्या गुलाबी चौकटींच्या पट्टीखाली हमखास आणखी एक कागद सापडतो. त्याच्या माथ्यावर टू-डी इको आणि कलर डॉपलर असे छापलेले असते. इको म्हणजे प्रतिध्वनी, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. पण डॉपलर म्हणजे काय असे विचारले, तर ते यंत्र बनवणाऱ्या कंपनीचे नाव असावे, असे उत्तर मी अनेकांकडून ऐकले आहे.

ते एका माणसाचे आडनाव आहे. हा माणूस डॉक्टर नव्हता. त्याने कधी कोणाचे हृदय तपासले नाही, आणि तो वारला तेव्हा कार्डिओग्रामही जन्माला आला नव्हता. आयुष्याची दीड वर्षे त्याने एका सूतगिरणीत हिशेबाच्या वह्या लिहिण्यात घालवली होती. माझी सारी उमेद बँकेच्या खतावण्यांवर खर्च झालेली असल्यामुळे त्याच्या चरित्रातला हा तपशील वाचला तेव्हा मी या गृहस्थाकडे प्रथम नीट वळून पाहिले.

ख्रिस्तियान आंद्रेआस डॉपलर याचा जन्म 29 नोव्हेंबर 1803 रोजी ऑस्ट्रियातल्या साल्झबर्ग गावी झाला. पुष्कळ पुस्तकांत त्याचे नाव योहान ख्रिस्तियान असे छापलेले आढळते, ते चूक आहे. साल्झबर्ग म्हणजे मोझार्टचे गाव. डॉपलरांचे घर आणि मोझार्ट कुटुंब पुढे राहायला गेले ते घर एकाच चौकात आहेत. डॉपलरांचा पिढीजात धंदा दगडकामाचा. बाप, आजा, पणजा सगळे पाथरवट. चांगले नाव कमावलेले. ख्रिस्तियानही त्याच वाटेने गेला असता, पण प्रकृतीने तो पहिल्यापासून तोळामासा. छिन्नी-हातोडा आणि दगडाची धूळ त्याला झेपणारी नव्हती. मुलाचे काय करावे हे बापाला सुचेना. तेव्हा गावातल्या विद्यालयातले गणिताचे प्राध्यापक सिमोन श्टांफर यांनी पोराची बुद्धी पारखली आणि त्याला व्हिएन्नाच्या पॉलिटेक्निकला धाडावे असा सल्ला दिला. धंद्याला निरुपयोगी ठरलेला मुलगा अशा रीतीने 1822 साली गणिताला मिळाला.

व्हिएन्नात शिक्षण झाले, पॉलिटेक्निकमध्ये चार वर्षे साहाय्यकाची नोकरी झाली. पण ती जागा मुदतीची होती. 1833 मध्ये मुदत संपली आणि तिशीच्या उंबरठ्यावरचा हा विद्वान रिकामा झाला. त्या काळी ऑस्ट्रियात प्राध्यापकाची जागा स्पर्धा परीक्षा देऊन मिळवावी लागे. डॉपलर अर्ज करी, परीक्षा देई, निकालाची वाट पाही, आणि नकार येई. आपल्याकडे ज्यांनी पदवीची भेंडोळी काखेत मारून वर्षानुवर्षे मुलाखती दिल्या आहेत, त्यांना हे निराळे समजावून सांगायला नको. पोटासाठी त्याने ब्रुक गावच्या सूतगिरणीत हिशेबनिसाचे काम धरले. कापसाच्या गासड्या किती आल्या, सूत किती निघाले, मजुरी किती वाटली याची जमा-नावे तो दीड वर्ष मांडत होता.

शेवटी तो कंटाळला. या देशात आपल्याला भविष्य नाही असे ठरवून अमेरिकेला जाण्याचा बेत त्याने पक्का केला. सामानसुमान विकले आणि कागदपत्रांसाठी तो म्युनिकपर्यंत गेलाही. 1835 सालची ही गोष्ट. नेमक्या त्याच वेळी प्राग शहरातल्या एका तांत्रिक माध्यमिक शाळेकडून नेमणुकीचे पत्र आले. नोकरी शाळामास्तरकीची, पण हक्काची. त्याने अमेरिका सोडून दिली. पुढल्याच वर्षी माटिल्डे श्टुर्म या साल्झबर्गच्या मुलीशी त्याचे लग्न झाले, संसार वाढला, पाच मुले झाली. 1841 साली तो प्रागच्या पॉलिटेक्निकमध्ये पूर्ण वेळचा प्राध्यापक झाला. विषय अंकगणित आणि भूमापन. म्हणजे थोडक्यात, सर्व्हेअर घडवण्याचे काम.

याच प्रागमध्ये 25 मे 1842 रोजी त्याने रॉयल बोहेमियन सोसायटीपुढे एक निबंध वाचला. श्रोते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. निबंधाचा विषय जोडताऱ्यांचे रंग. आकाशात काही तारे दुर्बिणीतून पाहिले तर जोडीने दिसतात, एकमेकांभोवती फिरत असतात, आणि त्यांचे रंग कधीकधी वेगळे भासतात. असे का, याचे उत्तर डॉपलरने दिले होते.

ते समजायला दुर्बीण नको. स्टेशनावर न थांबणारी मेल गाडी शिटी वाजवत फलाटावरून निघून जाते, तेव्हा काय होते ते आठवून पाहा. गाडी जवळ येत असताना शिटीचा सूर चढा असतो. ती पुढून निघून गेली की तोच सूर झपकन उतरतो. शिटी बदललेली नसते, ड्रायव्हरही तोच असतो. गाडी जवळ येताना आवाजाच्या लाटा दाटीने कानावर येतात आणि लांब जाताना विरळ होतात, एवढाच फरक. सुराच्या या चढ-उतारावरून गाडीचा वेगही काढता येतो. डॉपलरने त्यासाठी साधे बीजगणिती सूत्र मांडले. आज आपला अकरावी-बारावीचा विद्यार्थी ते पाठ करतो.

ध्वनीला लागू ते प्रकाशाला का नको, असा त्याचा विचार. जो तारा आपल्याकडे येतो त्याचा प्रकाश निळसर दिसेल, दूर जाणाऱ्याचा तांबूस. म्हणून तारे रंगीत दिसतात.

इथे एक मजेदार गोष्ट आहे, आणि या लेखाचा सारा भार तिच्यावर आहे. डॉपलरचे सूत्र बरोबर होते आणि त्यावरून काढलेला त्याचा निष्कर्ष चूक होता. प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर. त्याच्यापुढे ताऱ्यांच्या हालचालीचा वेग इतका किरकोळ असतो की तेवढ्याने डोळ्यांना रंग बदललेला दिसूच शकत नाही. ताऱ्याचा रंग मुख्यतः ठरतो तो त्याच्या तापमानावर. डॉपलरने मोजपट्टी अचूक बनवली, पण तिने मोजले ते भलतेच.

हॉलंडमधल्या बॉइस बालोट नावाच्या तरुण शास्त्रज्ञाने 1845 साली या सूत्राची परीक्षा घेतली. आगगाडी तेव्हा नवी नवलाई होती. उट्रेख्ट ते मार्सेन या मार्गावर त्याने एक इंजिन मिळवले, गाडीवर तुतारीवादक बसवले आणि रुळांच्या कडेला सुरांचा कान असलेले वादक उभे केले. फेब्रुवारीतला पहिला प्रयत्न हवामानाने उधळला. जूनमध्ये पुन्हा घाट घातला. गाडी धडधडत आली, तुतारी वाजली, आणि कडेच्या मंडळींना सूर चढलेला आणि मग उतरलेला स्पष्ट ऐकू आला. ध्वनीच्या बाबतीत डॉपलर खरा ठरला. ताऱ्यांच्या रंगाचे त्याचे म्हणणे मात्र बालोटने मान्य केले नाही, आणि त्यातही बालोटचेच बरोबर होते.

इकडे प्रागमध्ये डॉपलरची प्रकृती ढासळत होती. शेकडो विद्यार्थ्यांच्या तोंडी-लेखी परीक्षा घेता घेता छातीचे दुखणे बळावले. तो फार कडक परीक्षक आहे अशी विद्यार्थ्यांनी तक्रार केली, चौकशी झाली, ठपका आला. आजारपणाच्या दीर्घ रजेनंतर 1846 मध्ये तो परतला, पण मन उडाले होते. पुढल्या वर्षी तो शेमनिट्झच्या खाण विद्यालयात गेला. हे गाव आज स्लोव्हाकियात आहे. तिथे जेमतेम बस्तान बसते तोच 1848 च्या क्रांतीची धामधूम उसळली. मानसन्मान मात्र याच काळात आले. प्राग विद्यापीठाची सन्माननीय डॉक्टरेट मिळाली, व्हिएन्नाच्या विज्ञान अकादमीचे सदस्यत्व मिळाले. जानेवारी 1850 मध्ये सम्राटाच्या हुकुमाने तो व्हिएन्ना विद्यापीठाच्या नव्या भौतिकशास्त्र संस्थेचा पहिला संचालक झाला. त्याच्या व्याख्यानांना बसणाऱ्या विद्यार्थ्यांत मोराव्हियातून आलेला एक मठवासी तरुण होता. त्याचे नाव ग्रेगोर मेंडेल. वाटाण्याच्या झाडांवरून आनुवंशिकतेचे नियम सांगणारा तोच हा मेंडेल.

सुखाचे दिवस दोन-अडीच वर्षांचेच ठरले. 1852 मध्ये योसेफ पेट्झवाल या नामांकित गणितज्ञाने अकादमीत डॉपलरच्या सिद्धांतावर हल्ला चढवला. कॅमेऱ्याचे उत्तम भिंग बनवणारा म्हणून पेट्झवालची ख्याती होती. चार ओळींच्या बीजगणितातून थोर विज्ञान निघत नाही, त्याला अवघड समीकरणे लागतात, असा त्याचा एकूण सूर. विद्वत्तेच्या जगातही ठोक व्यापारी किरकोळ दुकानदाराला कसे वागवतो, याचा हा नमुना म्हणावा लागेल. डॉपलरने उत्तरे दिली, पण छाती साथ देत नव्हती. त्या नोव्हेंबरात हवापालटासाठी तो व्हेनिसला गेला. तिथेच 17 मार्च 1853 रोजी, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी तो वारला. सान मिकेले बेटावरच्या दफनभूमीत त्याला पुरले. त्याच्या थडग्याची नेमकी जागा आज सापडत नाही.

त्याच्या पश्चात सूत्राचे नशीब उघडले. विल्यम हगिन्सने 1868 मध्ये ताऱ्याच्या प्रकाशातल्या काळ्या रेषांचे सरकणे मोजून व्याध ताऱ्याचा वेग काढण्याचा प्रयत्न केला. रंगाऐवजी रेषा पाहायच्या, हे एकदा उमगल्यावर डॉपलरचा नियम खगोलशास्त्राचा हुकमी एक्का बनला.

हृदयापर्यंत यायला त्याला आणखी शंभर वर्षे लागली. स्वीडनमधल्या लुंड गावी इंगे एडलर हे हृदयरोगतज्ज्ञ आणि हेल्मुट हर्ट्झ हे भौतिकशास्त्रज्ञ यांनी ऑक्टोबर 1953 मध्ये कानाला ऐकू न येणाऱ्या, श्राव्यातीत ध्वनीच्या लाटा हृदयावर सोडून प्रतिध्वनी टिपला. यंत्र होते धातूतल्या भेगा शोधण्याचे, जहाजांच्या कारखान्यात वापरतात तसे. हा झाला इको. जपानमध्ये ओसाका इथे शिगेओ सातोमुरा यांनी त्याच दशकात डॉपलरचे तत्त्व हृदयाच्या हालचालीला लावले. आता तुतारीवादकाच्या जागी रक्तातल्या तांबड्या पेशी आल्या. त्यांच्यावर आपटून परतणारी लाट पेशी जवळ येत असेल तर चढी, लांब जात असेल तर उतरती. रक्त सेकंदाला साधारण मीटरभर वेगाने धावते, तेव्हा हा फरक काही हजार कंपनांचा पडतो आणि तो आपल्या कानाला ऐकू येतो. इकोच्या अंधाऱ्या खोलीत यंत्रातून येणारा तो सूं-सूं आवाज म्हणजे रक्ताचा आवाज नव्हे. तो डॉपलरच्या वजाबाकीचा आवाज आहे.

रंगांविषयीही एक गैरसमज दूर करायला हवा. पडद्यावरचा लाल रंग म्हणजे शुद्ध रक्त आणि निळा म्हणजे अशुद्ध, असे पुष्कळ जण समजतात. तसे नाही. लाल म्हणजे तपासणीच्या दांडीकडे येणारे, निळे म्हणजे दूर जाणारे. हा निव्वळ संकेत आहे, आणि गंमत अशी की तो डॉपलरच्या ताऱ्यांच्या बरोबर उलटा आहे. त्याचा जवळ येणारा तारा निळा होता.

रक्ताचा वेग मोजताना हृदयाच्या भिंतींचा संथ, दणकट प्रतिध्वनी हा व्यत्यय समजून गाळून टाकला जाई. 1980 आणि 1990 च्या दशकांत संशोधकांनी गाळणी उलटी केली. रक्त गाळले आणि स्नायूचा वेग मोजला. स्नायू सेकंदाला काही सेंटिमीटरच हलतो, पण कुठला भाग कधी हलतो हे मिलिसेकंदात सांगता येऊ लागले. याला टिश्यू डॉपलर म्हणतात, आणि त्यातूनच एका जुन्या दुखण्याचे निदान करण्याची मोठी आशा निर्माण झाली.

ओली चादर दोघांनी दोन टोकांनी पिळायची असते. एकाने पीळ दिला आणि त्याच वेळी दुसऱ्याने हात सैल सोडला, तर श्रम दोघांचे होतात आणि पाणी निघत नाही. डाव्या जवनिकेचे तसेच आहे. तिचा मधला पडदा आणि बाहेरची भिंत यांनी एकाच ठोक्याला आवळायचे असते. विजेचा संदेश नेणारी डावी तार अडली की, म्हणजे डॉक्टर ज्याला लेफ्ट बंडल ब्रँच ब्लॉक म्हणतात ते झाले की, पडदा आधी आवळतो आणि बाहेरची भिंत मागाहून. आधीच थकलेले हृदय आणखी थकते. यावर उपाय म्हणून दोन्ही बाजूंना एकाच वेळी ठोका देणारा पेसमेकर 1990 च्या दशकात आला. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या केअर-एचएफ या चाचणीत 813 रुग्ण होते. नुसत्या औषधांवर असलेल्यांत शंभरात तीस दगावले, तर हे यंत्र बसवलेल्यांत वीस.

प्रश्न उरला तो यंत्र कोणाला बसवायचे हा. यंत्र महाग, छातीला छेद देऊन बसवायचे, आणि बसवलेल्यांपैकी सुमारे तिघांत एकाला त्याचा म्हणावा तसा गुण येत नाही. टिश्यू डॉपलरने भिंतींमधली वेळेची तफावत थेट मोजता येते, तर मग तीच कसोटी का लावू नये? पडदा आणि भिंत यांत 65 मिलिसेकंदांचे अंतर असेल तर गुण येईल, असे आकडे 2004 च्या सुमारास मांडले गेले. सगळे फार पटण्याजोगे होते. माझ्या थोरल्या बंधूंना हे यंत्र बसवायचे की नाही, याची चर्चा आमच्या घरात झाली तेव्हा मीही त्या आकड्यावर बोट ठेवून बसलो होतो. सही करायची वेळ आली की माणसाला आकड्याचा आधार हवा असतो. त्यांच्या डॉक्टरांनी मात्र इकोचा कागद बाजूला सारून कार्डिओग्रामची पट्टी पुढे ओढली, चौकटी मोजल्या आणि त्यावर निर्णय घेतला.

त्यांनी तसे का केले, ते मला पुढे वाचनातून कळले. 2008 साली प्रॉस्पेक्ट नावाच्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. 53 केंद्रे, 498 रुग्ण, इकोच्या 12 कसोट्या. त्यांतली एकही कसोटी कोणाला गुण येईल हे भरवशाने सांगू शकली नाही. तेच चित्र दोन जाणकारांनी मोजले तर आकडे जुळत नव्हते. 2013 मध्ये याहून गंभीर बातमी आली. कार्डिओग्रामवर ठोका रुंद झालेला नाही, पण इकोत विसंगती दिसते, अशा 809 रुग्णांना यंत्र बसवले आणि निम्म्यांत त्याचे खास काम चालू ठेवले. चालू असलेल्या 404 पैकी 45 जण दगावले, बंद ठेवलेल्या 405 पैकी 26. अभ्यास मध्येच थांबवावा लागला. इकोच्या आकड्यावर विश्वासून केलेल्या उपचाराने जीव वाचण्याऐवजी गेले होते.

डॉपलरचे सूत्र इथे चुकले का? मुळीच नाही. वेग बरोबर मोजला गेला होता. पण हे तत्त्व फक्त समोरासमोरची हालचाल पाहते. आडवी हालचाल त्याला दिसत नाही, त्यामुळे दांडीचा कोन थोडा बदलला की आकडा बदलतो. शिवाय भिंतीचा एखादा भाग स्वतः आवळतो आहे की शेजारच्या भागाने ओढला म्हणून फरफटतो आहे, हे नुसत्या वेगावरून समजत नाही. ओढला जाणारा डबाही गाडीच्याच वेगाने धावतो, पण त्याला इंजिन नसते. ताऱ्यांच्या रंगाबाबत खुद्द डॉपलरचे जे झाले तेच दीडशे वर्षांनी त्याच्या नावाच्या तपासणीचे झाले. मोजणी अचूक, अर्थ भलता.

म्हणून आज या यंत्राचा निर्णय मुख्यतः कार्डिओग्रामवर होतो. पट्टीवरची एक लहान चौकट म्हणजे 40 मिलिसेकंद. डावी तार अडलेली असून ठोक्याची रुंदी 150 मिलिसेकंद किंवा जास्त, म्हणजे पावणेचार चौकटी भरली, तर गुण येण्याची शक्यता सर्वांत चांगली. हृदयाची ताकद किती उरली, झडपा कशा आहेत, हे सांगायला इको लागतोच. त्याला पर्याय नाही. स्नायू स्वतः किती आखडतो हे ठिपक्यांचा माग काढून पाहण्याची नवी रीतही आली आहे. तिने विसंगती अधिक नीट उमगते, परंतु कागदावरचा एकच आकडा घेऊन त्यावर जीव टांगू नये, हा धडा तिलाही लागू आहे.

बँकेत ताळेबंद जुळला म्हणजे व्यवहार खरा, असे नव्यांना वाटते. जुने लोक बेरीज जुळल्यावरही नोंद कशाची आहे ते विचारतात. ब्रुकच्या गिरणीतल्या त्या हिशेबनिसाला हे ठाऊक असणार. ताऱ्यांपाशी मात्र त्याची बेरीज बरोबर आली आणि नोंद चुकीच्या खात्यावर पडली. ती दुरुस्त करायला इतर माणसे आली, आणि दुरुस्ती झाली म्हणूनच त्याचे नाव टिकले. फाइलमधला तो कागद पुढच्या खेपेला डॉक्टरांसमोर ठेवाल, तेव्हा शेजारी कार्डिओग्रामची पट्टीही ठेवा, आणि हा आकडा नेमके काय मोजतो, एवढे अवश्य विचारा.